कारभारी घाबरलेला नव्हता

मसुदा परत आला तेव्हा पहिल्या चाळीस पानांत लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. समासात पेन्सिलीने काढलेली तीन प्रश्नचिन्हं होती, बस्स. मी खूश झाले. चाळीस पानांत तीन शंका म्हणजे काम झकास झालंय असं समजून चहा टाकला आणि मग ती तीन वाक्यं वाचली.

मी भाषांतरं करते त्याला सोळा वर्षं झाली. विम्याची पत्रकं, औषधाच्या खोक्यातल्या त्या बारीक अक्षरातल्या घड्या, मिक्सरच्या माहितीपुस्तिका. ‘उपकरण पाण्यात बुडवू नये’ हे मी आजवर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. त्यामुळे एका छोट्या संस्थेकडून जुनी पत्रं आली तेव्हा मी भाव न करता हो म्हटलं. पुण्याच्या दरबारात वावरलेल्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याची पत्रं. काळ सवाई माधवराव पेशव्यांच्या शेवटच्या वर्षांचा, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकाची सुरुवात. हस्ताक्षरं आधीच कुणीतरी टंकून ठेवलेली होती, एकशे चाळीस पानं. इंग्रजी सोपं वाटलं. वाक्यं लांबलचक, पण शब्द ओळखीचे. पहिल्या दोन दिवसांत कोश फारसा उघडावाच लागला नाही.

आता ती तीन वाक्यं. दरबाराच्या वर्णनात साहेबाने ‘पॉम्पस’ असा शब्द घातला होता. मी लिहिलं होतं, ‘पोकळ बडेजावाचा दरबार’. दुसऱ्या ठिकाणी एका कारभाऱ्याने पाठवलेला खलिता ‘नर्व्हस’ शैलीत लिहिलेला आहे असं साहेब कळवतो. माझं मराठी: ‘घाबऱ्याघुबऱ्या भाषेत लिहिलेला’. तिसरं वाक्य तर असं होतं की वकिलाने, म्हणजे दरबारातल्या दूताने, भर बैठकीत आपला हेतू ‘डिस्कव्हर’ केला. मी बिनदिक्कत लिहून मोकळी झाले होते, ‘वकिलाला आपला हेतू सापडला’.

हे शेवटचं लिहिताना मला जरा चमत्कारिक वाटलं होतं, हे कबूल करते. स्वतःचा हेतू सापडतो कसा? पण साहेबाला काहीतरी गूढ म्हणायचं असेल असं म्हणून पुढे गेले. भाषांतरकाराच्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट खोड. अर्थ लागत नाही तेव्हा मूळ लेखकाला गहन ठरवायचं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. सर म्हणजे निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक, संस्थेने मसुदे तपासायला नेमलेले. “अहो ताई,” ते म्हणाले, “हा कारभारी अख्ख्या दरबाराला नाचवणारा माणूस. तो इंग्रजाला पत्र लिहिताना घाबरला असेल का?”

“साहेबाने नर्व्हस लिहिलंय, सर.”

“लिहिलंय ना. तुम्ही कोश कुठला बघता?”

मी फोनवरच्या कोशाचं नाव सांगितलं.

“तो आजच्या माणसासाठी आहे. हे पत्र लिहिणारा पोरगा असताना इंग्लंडात जो कोश होता तो बघा. जॉन्सन.”

सॅम्युअल जॉन्सनच्या कोशाबद्दल मला शाळकरी माहिती होती. १७५५ साली लंडनमध्ये निघाला, एकट्याने केला, विनोदी व्याख्या आहेत, इतकीच. एकट्याने हेही अर्धवटच. १७४६ साली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी दीड हजार गिनींचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी सोन्याच्या नाण्यांचा, करार केला. गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवून तो काम करायचा. तीन वर्षांत संपवतो म्हणाला होता, लागली नऊ. हा भाग वाचून मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मी पत्रांचं काम तीन महिन्यांत देते म्हटलं होतं.

त्याची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण माझं पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. त्याने शब्दांची यादी करून अर्थ लिहीत बसण्याऐवजी पुस्तकं वाचायला घेतली. शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन, बेकन, बायबल. वाचता वाचता उपयोगी शब्दाखाली रेघ मारायची, समासात त्याचं पहिलं अक्षर लिहायचं आणि पुस्तक लेखनिकाकडे द्यायचं. लेखनिक ते वाक्य चिठोऱ्यावर उतरवून घेणार. असे चिठोऱ्यांचे ढीग अक्षरवार लावायचे आणि मग त्या वाक्यांकडे बघून शब्दाचे अर्थ वेगळे काढायचे. बेचाळीस हजारांवर नोंदी आणि लाखाच्या वर अवतरणं जमली. म्हणजे प्रत्येक अर्थाच्या खाली पुरावा आहे. कोशकार म्हणतो म्हणून नव्हे, हा शब्द अमक्याने असा वापरलाय, बघा, अशी ती मांडणी. एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे त्याने एकशे चौतीस अर्थ लावलेत. आपल्या ‘लागणे’ला कुणी असं बसून बघावं. भूक लागते, नोकरी लागते, दार लागतं, नजर लागते, ठेच लागते, वाट लागते.

मूळ दोन खंडांची छायाप्रत इंटरनेटवर फुकट मिळते. ती उतरवून घेतली आणि पहिल्या संध्याकाळी मला एकही शब्द सापडला नाही.

कारण एक, त्या काळच्या छपाईतला ‘एस’. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये तो लांबुडका, डोकं वाकवलेला छापतात आणि तो हुबेहूब ‘एफ’सारखा दिसतो. फरक एवढाच की ‘एफ’ची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, याची फक्त डावीकडे, तीही नखाएवढी. छायाप्रतीत शाई पसरलेली असली की संपलंच. ‘सेल’ वाचायचं तिथे ‘फेल’ वाचलं जातं. माझे डोळे तीन-चार दिवसांनी सरावले. पण हा घोळ खुद्द जॉन्सनलाही चुकला नाही हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. त्याच्या कोशात ‘फूप’ असं एक क्रियापद आहे. जोराने बाहेर ढकलणं असा अर्थ दिलाय, खाली कॅम्डन नावाच्या जुन्या लेखकाचं अवतरण दिलंय आणि हा शब्द आता वापरात नाही अशी टीपही आहे. वापरात नसणारच. तो शब्द मुळात ‘सूप’ होता, लांबुडक्या ‘एस’चा. म्हणजे एक कधीच नसलेला शब्द वाचनातल्या चुकीने जन्मला आणि कोशात जाऊन बसला.

कारण दोन, वर्णक्रम. ‘आय’ आणि ‘जे’ ही त्याच्या लेखी एकाच अक्षराची दोन रूपं, तसंच ‘यू’ आणि ‘व्ही’. दोघांचे शब्द एकत्र कालवलेले. ‘जेलस’ हा शब्द मी ‘जे’मध्ये शोधत होते. ‘जे’ असा वेगळा विभागच नाही. तो ‘आय’ धरून ‘इडिल’च्या नंतर आणि ‘इफ’च्या आधी बसलेला. आणि ‘यू’च्या विभागात सुरुवातीची पानंच्या पानं ‘व्ही’च्या शब्दांची. मराठी कोशात अनुस्वाराचा शब्द आधी की नंतर, क्ष कुठे बघायचा, यावर आपल्याकडची मुलं अडखळतात तशी माझी गत झाली. शेवटी एका पुठ्ठ्यावर त्याचा वर्णक्रम लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी ‘नर्व्हस’ सापडला. पहिला अर्थ: घट्ट बांध्याचा, बळकट, जोमदार. मी परत वाचलं. शरीरातले स्नायू-नसा जिथे ताणलेल्या आणि पक्क्या आहेत तो ‘नर्व्हस’. ज्याच्या नसा दुबळ्या किंवा रोगट आहेत तो ‘नर्व्हस’, हा अर्थही आहे, पण तिसरा, आणि त्याआधी जॉन्सनने शेरा मारलाय की ही वैद्यांची बोली. म्हणजे डॉक्टर लोक आपापसांत काहीतरी बोलतात त्यातलं. आज माणसाला ‘नर्व्हस’ म्हटलं की इंग्रजी बोलणाऱ्याला त्या तिसऱ्यातून निघालेला घाबरट हाच अर्थ सुचतो. पहिला मेला.

कारभाऱ्याचा खलिता जोरकस होता. साहेब तक्रार करत नव्हता, दाद देत होता. समोरचा माणूस मोजून मापून आणि ठणकावून लिहितो, सावध राहा, असं तो वरिष्ठांना कळवत होता. आणि मी त्या माणसाला मराठीत घाबरवून ठेवलं होतं. पुढची तीन पानं मग उलटीच लागत होती, कारण घाबरलेल्या कारभाऱ्याशी साहेब इतक्या अदबीने का वागतोय हे वाचणाऱ्याला कळेना.

‘पॉम्पस’ला जॉन्सनने तीन शब्द दिलेत, तिन्ही कौतुकाचे. वैभवशाली, भव्य, थोर. पोकळपणाचा वासही नाही. थॉमस डॅनियल या चित्रकाराने १७९० सालच्या तहाचा पुण्याचा दरबार रंगवलाय. चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील तिथे बसलेला, तरुण पेशवे समोर. ते चित्र मी तेव्हा शोधून पाहिलं. पांढरेशुभ्र अंगरखे घातलेल्या माणसांच्या रांगाच्या रांगा. पोकळ बडेजाव म्हणावा असं त्यात काही नाही. माझं वाक्य झालं, ‘दरबार मोठ्या थाटाचा’. आणि ‘डिस्कव्हर’चा पहिला अर्थ दाखवणं, उघड करणं. शोधून काढणं त्याच्यानंतर येतं. वकिलाने बैठकीत आपला हेतू उघड केला. इतकं साधं. गहन वगैरे काही नव्हतं.

मग मी चाळीसही पानं पहिल्यापासून काढली.

इथे खरी अडचण कळली. न कळणारा शब्द मला फसवूच शकत नाही. तो थांबवतो, मी कोश उघडते, काम होतं. फसवतो तो माहीत असलेला शब्द, कारण त्याच्यावर मी थांबतच नाही. मग थांबायचं कुठे? सगळ्याच शब्दांना कोश लावला तर तीन महिन्यांची तीस वर्षं होतील. मी एक वही केली. उभ्या तीन ओळी आखल्या, शब्द, आजचा अर्थ, जॉन्सनचा अर्थ. वर लिहिलं ‘भामटे’. सुरुवातीला वाक्य विचित्र लागलं की शब्द संशयित. आठवड्याभराने लक्षात आलं की भामटे बहुतेक विशेषणांत आणि मनाच्या गुणांच्या नामांत लपतात. घोडा, तलवार, नदी, पत्र, हे शब्द अडीचशे वर्षांत फारसे हललेले नाहीत. माणसाबद्दलचं मत सांगणारे शब्द मात्र जागेवर राहिलेच नाहीत. तेव्हा नियम केला की माणसाला लावलेलं प्रत्येक विशेषण बघायचं, कितीही सोपं असो.

वही भराभर भरली. ‘ऑफुल’ म्हणजे आदराने दबून जावं असं. ‘नाइस’ म्हणजे बारकाव्यात काटेकोर, प्रसंगी नको इतका. छान, बरा हा अर्थ तिथे नाहीच. ‘प्रेझेंटली’ म्हणजे आत्ता, किंवा ताबडतोब. मी ‘यथावकाश’ लिहून एका पलटणीला दोन आठवडे उशिरा हलवलं होतं. ‘एन्थुझिॲझम’ उलटा. आज नोकरीच्या जाहिरातीत मागतात तो गुण. जॉन्सनच्या लेखी तो देव आपल्याशी खासगीत बोलतो असा फुकाचा समज, अंगात आल्याचं खूळ. साहेबाने एका बैराग्याबद्दल तो शब्द वापरला होता आणि मी बैराग्याला ‘उत्साही’ करून ठेवलं होतं.

‘कॉन्डिसेन्शन’वर मात्र मी एक पूर्ण दुपार घालवली. आज या शब्दाला वास येतो. समोरच्याला खालचा समजून बोलणं, उपकार केल्यासारखं वागणं. जॉन्सन म्हणतो, आपल्या वरच्या पायरीवरून आपणहून खाली येणं, कनिष्ठांशी बरोबरीने वागायला स्वतःहून तयार होणं. त्या काळी हा मोठ्या माणसाचा सद्गुण होता. पत्रात तरुण पेशव्यांच्या संदर्भात तो आला होता आणि साहेब भारावलेला दिसत होता. मराठीत काय म्हणायचं? ‘नम्रता’ म्हटलं तर पायऱ्या नाहीशा होतात. ‘कृपा’ म्हटलं तर वरूनच हात ठेवल्यासारखं. ‘सौजन्य’ फार गुळगुळीत, बँकेच्या पाटीवरचं. सरांना विचारलं तर म्हणाले, पायऱ्या असलेल्या समाजातला शब्द आहे, पायऱ्या दाखवल्याशिवाय येणार नाही. शेवटी मी शब्दाला शब्द द्यायचा नाद सोडला आणि लिहिलं, ‘श्रीमंतांनी मोठेपण बाजूला ठेवून विचारपूस केली’. मोठेपण आहे, ते बाजूला ठेवलंय आणि ते बाजूला ठेवलेलं सगळ्यांना दिसतंय. याच्याहून जवळ मला जाता आलं नाही.

या टप्प्यावर माझ्या डोक्यात हवा गेली. कुठलाही शब्द आला की मी त्याचा जुना अर्थ लावायला लागले. ‘ऑफिशस’ म्हणजे आज नसता पुढेपुढे करणारा, लुडबुड्या. जॉन्सनचा पहिला अर्थ दयाळू, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा. मी खूश. एका मध्यस्थ सावकाराला तो शब्द लावलेला होता, मी त्याला ‘परोपकारी’ केलं. सरांनी पुन्हा पेन्सिल चालवली. “याच सावकाराला साहेबाने पुढच्या पत्रात दारात उभं करायला मनाई केलीय, वाचलंत का?”

जॉन्सनकडे परत गेले. दुसरा अर्थ तिथेच, खालच्या ओळीत होता: नको तिथे आग्रहाने पुढे होणारा. दोन्ही अर्थ त्या काळी एकत्र नांदत होते आणि मी पहिला दिसला की कोश मिटत होते. मग प्रस्तावना वाचली, जी मी सुरुवातीलाच वाचायला हवी होती. त्याचा क्रम वापराच्या प्रमाणाचा नाही. शब्दाचा मूळ अर्थ आधी, मग तो कसकसा सरकत गेला त्या पायऱ्या. ‘कॅन्डिड’चा पहिला अर्थ त्याने पांढरा असा दिलाय, कारण लॅटिनमध्ये तसा आहे, आणि लगेच सांगितलंय की हा फार विरळा. नुसता पहिला अर्थ उचलणारी माझ्यासारखी बाई मोकळेपणाने बोलणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला ‘गोरा’ लिहून बसली असती. तेही बरोबरच दिसलं असतं म्हणा.

कोशावर एवढा भरवसा टाकल्यावर कोशकार कोण होता हेही जरा पाहावं लागलं. जॉन्सन तटस्थ नाही. ओट म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालतात ते धान्य, स्कॉटलंडात मात्र माणसं त्याच्यावर जगतात, अशी त्याची प्रसिद्ध व्याख्या. त्याच्या सहा लेखनिकांपैकी पाच स्कॉटिश होते. ती चिठ्ठी त्यांच्यापैकीच कुणाच्या हातून गेली असेल. कोशकार म्हणजे निरुपद्रवी हमाल, हे त्याने स्वतःवरच लिहिलंय. ‘डल’ शब्दाला उदाहरण म्हणून कोश करणं हे डल काम आहे असं घरचंच वाक्य दिलंय. सामान, म्हणजे लगेज, याची व्याख्या वाचून मी एकटीच हसले: किमतीपेक्षा वजन जास्त असलेली वस्तू. पुणे स्टेशनवर सुट्टीत उभं राहून केल्यासारखी व्याख्या आहे.

जिथे त्याला शब्द आवडत नाही तिथे तो सरळ हाकलून देतो. ‘फन’ हा हलका, टपोरी शब्द. ‘शॅबी’ला भाषेत घ्यायलाच नको होतं. ‘फिनेस’ हा अनावश्यक शब्द भाषेत घुसू पाहतोय. तिन्ही आज खुशाल आहेत. आपल्याकडे वर्तमानपत्रांना मराठीच्या ऱ्हासाबद्दल पत्रं पाठवणाऱ्या काकांचा हा लंडनमधला थोरला भाऊ. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. १७४७ साली योजना मांडताना भाषा स्थिर करण्याची उमेद त्याला होती. आठ वर्षांनी प्रस्तावनेत त्याने लिहून टाकलं की ते होणार नाही, शब्दांना बदलण्यापासून वाचवू पाहणारा कोशकार अमृत विकणाऱ्या वैदूइतकाच हास्यास्पद. आणि चूक कबूल करायला तो कचरत नसे. ‘पास्टर्न’ म्हणजे घोड्याचा गुडघा असं त्याने लिहिलं होतं. तो भाग खरं तर खुराच्या वरचा. एका बाईने विचारलं, असं कसं लिहिलंत? तो म्हणाला, अज्ञान बाईसाहेब, शुद्ध अज्ञान.

त्याच्या कोशाची हद्दही लवकर कळली. तो पुस्तकी इंग्रजीचा कोश. कंपनीच्या माणसांची रोजची भाषा अर्धी इथली होती आणि वकील, खिलत, पागा, मुक्काम यांच्यासाठी जॉन्सन कामाचा नाही. तिथे मी हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’कडे वळले. १८८६चा कोश, इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’चं गोऱ्या शिपायांनी जे केलं तेच त्याचं नाव. त्यावरून आतल्या शब्दांचं काय झालं असेल याचा अंदाज यावा. हे काम मात्र सोपं गेलं. शब्द मोठ्याने वाचायचा, दोनदा, आणि मग तो ऐकू येतो. बंदोबस्त, तमाशा, दस्तक, सगळे इंग्रजी कपडे घालून उभे होते, एवढंच.

शेवटचा पेच मराठीच्या बाजूने आला. मी त्याची वाट बघत नव्हते.

‘इंटेलिजन्स’ हा शब्द पत्रांत पानोपानी होता. बुद्धिमत्ता नव्हे एवढं मलाही कळलं होतं. जॉन्सन सांगतो, दूरच्या किंवा गुप्त गोष्टींची खबर. सरांनी मला त्याच काळातली मराठी पत्रं वाचायला सांगितली, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मध्ये छापलेली आणि त्यांच्यासारखी इतर. तिथे नेमका शब्द होता: बातमी. आणि ती आणणारा बातमीदार. मी हरखून गेले. काळ तोच, गाव तेच, शब्द अस्सल. सगळीकडे बातमी आणि बातमीदार घातले आणि अंतिम मसुदा दिला.

संस्थेत मांडणी करणारी मुलगी चोवीस-पंचवीसची. तिचा फोन. “मॅडम, एक शंका. नवव्या पत्रात बातमीदाराला छावणीत पकडून मारलंय. तेव्हा पुण्यात वर्तमानपत्रं होती?”

मी हसले, मग गप्प झाले. तिने जे केलं तेच मी साहेबाच्या इंग्रजीचं केलं होतं. शब्द ओळखीचा होता म्हणून ती थांबली नव्हती. थांबली ती वाक्य विचित्र लागलं म्हणून. जिथे वाक्य विचित्र लागलं नसेल तिथे काय झालं असेल? मी पुन्हा मसुदा काढला आणि या वेळी वहीच्या मागच्या बाजूने मराठी भामटे लिहायला लागले. ‘राजकारण’: त्या पत्रांत गुप्त वाटाघाट, आतून चाललेलं सूत, आज निवडणुका. ‘कारखाना’: सरकारी खातं किंवा कोठार, हत्तींचा पीलखानासुद्धा अठरा कारखान्यांतला एक, आज धुराडं. ‘मजकूर’: वर सांगितलेला, ‘मौजे मजकूर’ मधला, आज छापायचा ऐवज. हे सगळे मी जुनं वाटावं म्हणून हौसेने पेरले होते आणि दर एकावर वाचणारा न अडखळता चुकीच्या गल्लीत गेला असता.

बातमीदारावर सर आणि मी भांडलो. ते म्हणाले ठेवा, वाचकाला शिकू दे. मी म्हटलं, जॉन्सन पडद्याला चिकटवून वाचायला वाचकाला कुणी पैसे देत नाहीये. शेवटी ‘बातमी’ ठेवली, बातमीदाराचा ‘हेर’ केला. राजकारण काढलं. कारखाने एका जागी ठेवले, कारण तिथे हत्ती होते आणि हत्तींनी काम सोपं केलं.

तीन महिन्यांचे सात झाले. एकशे चाळीस पानांतला एकच शब्द राहिला. अठ्ठाविसाव्या पत्रात निरोपाच्या वस्त्रांची यादी आहे: शेला, मंदील, महमुदी, किनखाप, आणि मग साहेबाच्या स्पेलिंगमधलं एक कापड. मोठ्याने वाचलं, दोनदा, दहादा. हॉब्सन-जॉब्सनमध्ये कापडांच्या नावांची मोठी यादी आहे, तीत नाही. जॉन्सनमध्ये असायचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानात नेऊन दाखवलं, तिथल्या आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि “पैठणी दाखवू का?” विचारलं.

मला अंदाजाने ‘एक प्रकारचे तलम वस्त्र’ लिहिता आलं असतं. कुणी धरलं नसतं. पण जॉन्सनच्या कोशात ‘ट्रोलमाइडेम्स’ अशी एक नोंद आहे. शेक्सपिअरमधला शब्द, म्हणून गाळता येईना, आणि अर्थाच्या जागी त्याने एवढंच लिहिलंय: या शब्दाचा अर्थ मला माहीत नाही.

मी साहेबाचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा ठेवला आणि खाली टीप दिली. ‘या शब्दाचा अर्थ लागला नाही.’ सरांकडून पान परत आलं, तिथे पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती.